हवालदारमामांचा घास

२ डिसेंबर १९७३, रविवार. पेडगाव

अर्थशास्त्राच्या वहीत अर्ध्याहून जास्त पानं कोरी आहेत. कॉलेज सोडलं तेव्हा मागणी-पुरवठा चालू होता. होस्टेलच्या रेक्टरच्या अंगावर आमटीची वाटी फेकली नसती तर आज ही पानं भरली असती. फेकली याचं वाईट वाटत नाही, आमटी पाण्यासारखीच होती. तो नुसती माफी माग म्हणत होता. मी पेटी उचलली आणि सरळ औरंगाबादचं स्टेशन गाठलं. आता या पानांवर जे कुणाला सांगता येत नाही ते लिहायचं.

सांगता येत नाही ते एकच. सत्यशीला.

चंद्रभान हवालदारांची मुलगी. हवालदार पलटणीतून रिटायर झाले आणि तीन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत दोन खोल्या बांधून राहिले. बायको वारलेली, घरात बापलेक दोघंच. वस्ती त्यांना हवालदारसाहेब म्हणते. मी मात्र पहिल्या दिवसापासून 'मामा' धरलं. मामाच्या मुलीशी लग्न लागतं, हे वस्तीतलं शेंबडं पोरही जाणतं. ती मला 'दादा' म्हणते. पण ती सगळ्यांनाच म्हणते, सवय आहे तिला.

आज चांगली बातमी. चार महिने झाले, मामांचा घसा धरलाय. आवाज बसला, घास उतरत नाही, नुसती पेज चालू होती. औरंगाबादच्या दवाखान्यात आठ दिवस राहून काल परत आले. डॉक्टरनं ऑपरेशन नको म्हटलं आणि पथ्यही सगळं सोडवलं. "आता त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या," असं सत्यशीलाला बाजूला घेऊन सांगितलं म्हणे. पथ्य सुटलं म्हणजे दुखणं उतरणीला लागलं. मी हे तिला म्हणालो, तर ती चुलीत फुंकर घालत राहिली. धुरानं डोळे लाल झाले होते तिचे.

मग मीच मामांना विचारलं, "मामा, काय खाऊ वाटतं?"

आढ्याकडं बघून कुजबुजले, "डुक्कर."

मला वाटलं मस्करी. पण नाही. पलटण शिलाँगकडं होती तेव्हा नाताळाच्या बड्या खान्याला त्यांचा लांगरी, म्हणजे पलटणीचा आचारी, डुकराच्या पोटाचा तुकडा कातडीसकट भाजायचा. आतून लोण्यासारखा मऊ, वरचं कातडं पापडासारखं फुललेलं. "वीस वर्षं झाली, जिभेवरून जात न्हाई," म्हणाले.

मी उठून उभाच राहिलो. "मी करतो."

"तू? अर्धा बी.ए.?"

"हे पूर्ण करून दाखवतो."

मामांनी लेकीकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. अशी नजर तिनं आजवर माझ्यावर टाकली नव्हती. पुढं लिहवत नाही.

५ डिसेंबर

मायला सांगितलं. तिच्या हातातली भाकर तव्यावर तशीच राहिली.

"आपल्यात आजवर कुणी डुकराला शिवलंय का? भूक भूक करून मेलो, पण त्याला शिवलो न्हाई."

"माय, ते माणूस आजारी हाय."

"मग दूध दे. अंडं दे. त्याची पोरगी पायजे म्हणून डुक्कर भाजतोस व्हय रं?"

मायला कसं कळलं कुणास ठाऊक. मी ताट सरकवून उठलो. माझ्या घरात ते भांडं येणार नाही, आणि शिजवून आलास तर आंघोळ केल्याबिगर उंबरा ओलांडायचा नाही, असं तिनं बजावलं.

९ डिसेंबर, रविवार

रविवारी वडारवाड्यात डुक्कर पडतं. कडूबाई वडारीण पऱ्हाट्यांच्या जाळावर ते फिरवत होती. केस जाळायचे, मग कातडं सुरीनं खरवडून धुवायचं, अशी त्यांची पद्धत. मी पोटाकडचा तुकडा मागितला, कातडीसकट.

"कालेजात हेच शिकवत्यात का रं आता?" ती म्हणाली. भोवतालच्या बाया हसल्या. मला राग आला होता, पण तुकडा तिच्या हातात होता.

हवालदारांच्या परसात तीन दगडांची चूल मांडली. हळद-मीठ, काळा मसाला, सगळं मटणासारखं लावलं. माय मटण करताना पातेल्यावर ताटली झाकते आणि ताटलीत पाणी ठेवते, तसंच ठेवलं. दोन तास जाळ घातला. झाकण काढलं तर मास सुटून आलेलं, आणि कातडं सायकलच्या ट्यूबसारखं. दातांनी ओढलं तर लांबत जाईल आणि सोडलं तर फटकन नाकावर बसेल, असं. मी स्वतः काही चाखलं नाही, चिमट्यानं ओढून बघितलं. मी मायच्या पोटचा आहे, ते तोंडात घालणं माझ्याच्यानं होत नाही.

मामांनी ते बोटानं दाबून बघितलं आणि हसायला लागले. हसता हसता खोकल्याची उबळ आली. बराच वेळ थांबेना. मग म्हणाले, "पंक्चर काढाय कामाला येईल." रस्सा मात्र तीन चमचे घेतला. तीन चमचे! सत्यशीला म्हणाली, "पंधरा दिवसांत एवढं गेलं न्हवतं, दादा."

रात्री थंड पाण्यानं आंघोळ केली. हुडहुडी भरली. पण तीन चमचे.

१६ डिसेंबर, रविवार

आज उकळत्या तेलात सोडायचं ठरवलं. कातडं फुलत नाही कारण त्याला धग पुरत नाही, असं माझं शास्त्र. तुकडा स्वच्छ धुतला, आणि धुतला तसाच कढईत सोडला.

फटाक्यांची माळ लागावी तसं तेल उडालं. कोपरापासून मनगटापर्यंत हात भाजला. कढई उलटली, चूल विझली. तुकडा राखेत पडला तो कुत्र्यानं नेला. एकाच घरातलं तेल नव्हतं ते. सध्या तेल मिळतं कुठं? तिनं चार घरी वाटी वाटी मागून आणलं होतं.

मी ओरडलो नाही. ती धावत आली, भाजल्यावर लावतात तशी दौतीतली निळी शाई माझ्या हातावर ओतली आणि कापसानं पसरली. तिचं डोकं माझ्या खांद्याजवळ होतं. केसांना शिकेकाईचा वास. म्हणाली, "पुरं करा आता, दादा. बाबा तुमच्याशी गंमत करायलेत. त्यांच्याच्यानं दूधबी उतरंना झालंय."

"थंडीमुळं असेल," मी म्हणालो. "उन्हाळ्यात घसा मोकळा होईल."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या मनात काय आहे ते मला कळलं. शाई धुणार नाही.

२२ डिसेंबर, शनिवार

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही.

परसात चूल दुरुस्त करत होतो. समोरच्या दारी दोन माणसं आली. एक चष्मेवाला, रंगनाथ म्हणून, मानवतजवळच्या एका शाळेत मास्तर, आणि त्याचा म्हातारा चुलता. मला वाटलं पेन्शनीचं काम असेल. तर सत्यशीला नवं लुगडं नेसून चहा घेऊन आली.

मी तसाच राखेच्या हातानं आत जाऊन बसलो. मास्तरनं नमस्कार केला. "जय भीम. आपण काय करता?"

"डुक्कर भाजतो."

चुलत्यानं बशी खाली ठेवली. मास्तर मात्र पुढं सरकला. "असं? कसं भाजता? आमच्याकडं कुणाला येत न्हाई." अगदी मनापासून विचारत होता. त्यानंच माझं डोकं फिरलं. खोटं बोलला असता तर सोसलं असतं.

"पोरांना पाढे शिकवण्यापेक्षा अवघड असतं," मी म्हणालो, आणि कप भिंतीवर मारला.

सत्यशीला दारात उभी होती. तिचा आवाज चढला नाही. "दादा, भाईर व्हा."

भाईर व्हा. मला. ज्याच्या हातावर तिची शाई आहे त्याला.

२८ डिसेंबर

सहा दिवस तिकडं गेलो नाही. आज मामांनी निरोप धाडला. गेलो. सत्यशीला मला बघून मागच्या दारानं पाण्याला गेली.

मामा वाळले आहेत. लोखंडी खाटेवर घडी करून ठेवल्यासारखे. आवाज आता एवढा बारीक, की तोंडाजवळ कान न्यावा लागतो.

"तीन फेब्रुवारी," ते म्हणाले. "लगीन."

"एवढी घाई कशाला, मामा?"

"रजा संपायलीय माझी."

पेन्शनीतल्या माणसाला कसली रजा? दुखण्यात माणूस असं तुटक बोलतो. मी म्हणालो, "तुम्ही बरे व्हा. लग्नाचं उन्हाळ्यात बघू. तोवर मी परीक्षेला बसतो, बाहेरून बी.ए. करतो, नोकरी..."

त्यांनी माझा हात धरला. भाजलेलाच धरला, पण मी काढला नाही.

"तिला भाऊ न्हाई, भुजंगा. सणाला दार कुणाचं? माझ्या माघारी?"

"मी आहे की, मामा," मी म्हणालो. कोणत्या नात्यानं ते मुद्दाम बोललो नाही. मामा समजले असतील. ते माझी परीक्षा घेतायत. डुक्कर जमलं की पुढचं बोलू, असं असणार. कारण मी उठलो तेव्हा म्हणाले, "आणि ते? अर्ध्यातच सोडलं?"

नाही सोडलं.

६ जानेवारी १९७४, रविवार

या खेपेला इंगळात पुरून, वर पत्रा टाकून भाजलं. वरून कोळसा, आतून कच्चं. तीन रविवार, तीन तऱ्हा, आणि एकही माणसाच्या तोंडी द्यावी अशी नाही. मी पत्र्याला लाथ मारली. निखारे परसभर उडाले. सत्यशीला मुकाट्यानं एकेक चिमट्यानं उचलून परत चुलीत टाकत होती. ती काही बोलली असती, शिवी दिली असती, तर बरं झालं असतं.

नंतर आत गेलो तर ती मामांना चमच्यानं पाणी घालत होती. निम्मं ओठांवरूनच बाहेर येत होतं. मामांनी हात पुढं केला. मी जळका तुकडा दिला. त्यांनी तो नाकाशी धरला, कितीतरी वेळ.

घरी आलो. आंघोळीचं पाणी काढायचंही सुचलं नाही. उंबऱ्याबाहेरच बसलो आणि रडलो. वयाच्या बाविसाव्या वर्षी, मायच्या समोर.

माय आतून बघत होती. मग उंबऱ्याच्या आतल्या बाजूला येऊन बसली.

"कातडं वाळवतोस का?"

"काय?"

"वलं असतंय ते. वल्ल्याला जाळ काय करील? शिजंल, न्हाईतर उडंल. वाळवाय लागतंय."

"तुला गं काय ठाऊक?"

मायनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग खाली बघूनच बोलली. "तुझी आजी अंगणात दोरी बांधायची. गावातलं ढोर मेलं की आमी जायचो. मास कापून, मीठ चोळून त्या दोरीवर टाकायचो. दोन-तीन दिस वाऱ्यानं कडक झालं की त्याच्या चान्या व्हायच्या. गाडग्यात भरून ठिवायच्या. पावसाळ्यात घरात काई नसलं की इंगळावर टाकायच्या. पापडावानी फुटायच्या."

माझ्या घरात ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती.

"मग इतक्या दिवसांत सांगितलं का न्हाईस?"

"छप्पन साली दीक्षा घिऊन आला तुझा बाप. आल्या आल्या इळा दिला माझ्या हाती. म्हणला, तूच तोड. म्या तोडली ती दोरी." ती उठली. "सांगायची गोष्ट हाय का ती? तुला साळंत घातलं ते काय चान्या करायला?"

मला भाषणं येतात. कॉलेजात या विषयावर दोन भाषणं ठोकली होती, टाळ्याही पडल्या होत्या. आता मायच्या तोंडाकडंही बघवेना.

आत जाता जाता ती म्हणाली, "दाभणानं टोच आधी. कातड्यालाच टोच, मासात जाऊ दिऊ नको."

१३ जानेवारी, रविवार

कडूबाईनं मला बघून आधीच तुकडा काढून ठेवला होता. हसली नाही. "हवालदार कसा हाय?" विचारलं. "बरा आहे," म्हणालो. तिनं पानात गुंडाळताना बोटभर आणखी कापून घातलं आणि ताज्या चरबीचा गोळाही दिला.

अर्धवट उकडलं. पुसून कोरडं केलं. गोधडी शिवायच्या दाभणानं कातड्याला शेकडो भोकं पाडली. मीठ चोळलं. परसात दोन खांबांना दोरी बांधून टांगलं. पौषातला वारा असा कोरडा, की ओठ फुटतात. वाळणार.

सत्यशीला दारात उभी राहून बघत होती. वीस दिवसांनी पहिल्यांदा आपणहून बोलली.

"कुणासाठी करायलाव हे, दादा?"

"मामांसाठी. आणखी कुणासाठी?"

"काल सकाळपासून पाणीबी आत गेलं न्हाई त्यांच्या. कापूस भिजवून ओठाला लावायलेय मी."

"हे जमलं की खातील," मी म्हणालो.

तिनं नुसतं दोरीला हात लावून बघितला, गाठ घट्ट आहे का म्हणून. एक गाठ स्वतः आवळली.

१४ जानेवारी

दुपारी दत्तराव आले, वस्तीच्या पंचमंडळातले, संगं दोघंजण. दोरीकडं बघून त्यांचं तोंड काळं-निळं झालं.

"भुजंग, काढ ते."

"का?"

"का म्हणून मला इचारतोस? ह्या वस्तीत पुन्ना दोरीवर मास? सतरा वर्सांखाली आमी काय सोडलं ते तुला कोण सांगणार? गावातली माणसं रस्त्यानं जायलीत. काय म्हणतील? म्हणतील, गेले परत जागेवर!"

मी जळणातलं लाकूड उचललं. खरंच मारलं असतं. आजवर मी असंच केलंय. समोरचा खरं बोलला की काहीतरी उचलायचं.

तेवढ्यात माय आली. आमच्या घरापासून हवालदारांच्या परसापर्यंत ती कधी आली नव्हती, डुक्कर शिजायला लागल्यापासून तर नाहीच. तिनं माझ्या हातातलं लाकूड घेतलं आणि दोरीखाली बसली.

"दत्तराव, ती दोरी पोटासाठी होती. ही एका माणसाच्या तोंडासाठी हाय. दोन दिसांनी मीच तोडते, माझ्या हातानं. एकदा तोडलीय, ठावं हाय मला तोडायचं."

दत्तरावांनी दोरीकडं एकदा बघितलं. मग गेले. माय संध्याकाळपर्यंत तिथंच होती, कावळे हाकलत, त्या तुकड्याकडं न बघता. दिवेलागणीला दत्तराव पुन्हा आले, दुरूनच म्हणाले, "सरजाबाई, त्या लिंबाच्या अंगाला बांधा. वारा तिकडून हाय." आणि निघून गेले.

१६ जानेवारी, बुधवार

कातडं ढोलकीसारखं ताणलं होतं. टिचकी मारली तर वाजायचं. मायनं सकाळी दोरी तोडली, गुंडाळून चुलीत घातली आणि घरी गेली.

चरबी कढवली. परातीत तुकडा ठेवला, कातडं वर. पळीनं उकळती चरबी वरून सोडली. पहिल्या पळीला काही नाही. दुसऱ्या पळीला एक फोड आला. मग दहा. मग सबंध कातडं पांढरं-सोनेरी होऊन उसळलं, लाह्या फुटाव्यात तसं. "सत्यशीला!" मी ओरडलो. "झालं! झालं बघ!"

ती आली. बघितलं. म्हणाली, "होय, दादा. झालं." आणि ताट आणायला गेली.

विळ्यानं बोटाएवढ्या चकत्या केल्या. तिनं मामांना उशा लावून टेकवून बसवलं. ते आता केवढेसे झालेत. डोळे उघडले. मी चकती हातात दिली. त्यांनी कातड्यावर नख मारलं. टक. पुन्हा मारलं. टक. ओठांच्या कडा हलल्या.

तोंडाशी नेली. तोंड बोटभरही उघडलं नाही. चकती ओठांवर टेकून राहिली.

"थोडं, मामा. एवढंसं," मी म्हणालो. चुरा केला, बोटावर घेतला. त्यांनी मान हलवली. मी सत्यशीलाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती, त्या पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच. तेव्हा मी त्या नजरेचं काय काय करून ठेवलं होतं.

"न्हाई उतरणार, दादा," ती म्हणाली. "डॉक्टरनं तवाच सांगितलं होतं. तुमाला सांगायचं जिवावर आलं."

जे खावंसं वाटेल ते द्या.

मामांनी चकती माझ्यासमोर धरली.

"खा."

"मामा, मी कधी..."

"हुकूम हाय." मग कानाला बोट लावलं. "हितं. जवळ."

मी खाटेच्या कडेला बसलो. तोंड त्यांच्या कानापाशी नेलं आणि चावलो. माझ्या डोक्यातच फुटल्यासारखा आवाज झाला. खारट, मऊ, चरबी घशाशी आली. चावत राहिलो. मामांनी डोळे मिटले होते. त्यांचा जबडा माझ्या चावण्याबरोबर हलत होता.

बोट वर केलं. अजून एक.

दुसरी खाल्ली. तिसरी. नाकातून पाणी वाहत होतं, पण थांबलो नाही. चौथीला ते काहीतरी पुटपुटले. मी चावणं थांबवून कान लावला.

"माहेर?" ते म्हणत होते. "भुजंगा, माहेर?"

तोंडात घास होता. नुसती मान हलवली असती, पण त्यांचे डोळे मिटलेले, दिसली नसती. म्हणून घास गिळला. कसा गिळला ते मला ठाऊक. आणि त्यांच्या कानात म्हणालो, "होय, मामा. माझ्या दारी येईल ती. पंचमीला, दिवाळीला. मी न्यायला जाईन."

सत्यशीलाच्या हातातलं ताट एकदा खडखडलं.

मामा हलले नाहीत. मला वाटलं, झोपले. मी उठायला लागलो, तर त्यांनी पुन्हा बोट वर केलं.

तिनं ताट पुढं केलं.